आरोग्यकवचाचे चावडीवाचन

हिंगोली तालुक्यात कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला आणि नामदेवांच्या घुमानमधल्या वास्तव्यामुळे पंजाबलाही ठाऊक आहे. आषाढीला पंढरपूर गाठलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला इथे येतात आणि परतवारीची यात्रा भरते. त्याच दिवसांत इथल्या शेतकऱ्याला आणखी एक तारीख गाठायची असते, ती म्हणजे खरीप पीकविम्याची मुदत. २०२४ मध्ये तर परतवारीची एकादशी आणि मुदतवाढीनंतरचा विम्याचा शेवटचा दिवस हे दोन्ही ३१ जुलैलाच आले. सातबारा, आठ-अ, पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र, आधार आणि बँकेचे पासबुक घेऊन माणसे सेतू केंद्रावर जातात. यंदा हप्ता किती, कोणते पीक अधिसूचित आहे, गेल्या साली कोणत्या मंडळाला भरपाई मिळाली आणि कोणते मंडळ कोरडे राहिले, याचा खल पारावर होतो. पीकविम्याविषयी मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या तक्रारी थोड्याथोडक्या नाहीत. तरीही या योजनेने एक सवय लावली आहे. विमा ही दर हंगामाला नव्याने पाहायची गोष्ट आहे, हे सोयाबीन आणि तूर पेरणाऱ्या प्रत्येकाला कळते.

माणसाच्या विम्याला मात्र अशी तारीखच नाही. नरसीसारख्या गावातल्या प्रत्येक कुटुंबाला आज कागदोपत्री वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यकवच आहे. ते कधी मिळाले, त्यात काय बसते, गेल्या वर्षभरात काय बदलले, घरातल्या कोणाचे नाव त्यात आहे आणि कोणाचे नाही, हे पाहण्याचा दिवस ना शासनाने ठरवला आहे, ना गावाने. परिणामी कवचाची पहिली पाहणी बहुतेकदा रुग्णालयाच्या दारात होते. रुग्ण आत, नातेवाईक योजनेच्या मदतनीसाच्या, म्हणजे आरोग्यमित्राच्या टेबलाशी आणि शिधापत्रिकेवरचे नाव आधारवरच्या नावाशी जुळत नाही, अशी ती वेळ असते. म्हणून या लेखाचे प्रतिपादन असे आहे: सर्वांना कवच देण्याचा टप्पा महाराष्ट्राने बराचसा ओलांडला आहे, पण ते कवच वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवसांत, चारचौघांसमोर वाचून तपासण्याची रीत घातल्याशिवाय ते हक्काचे होणार नाही. आणि ही रीत घालण्याचे पहिले ओझे रुग्णावर नव्हे, तर कवच बदलणाऱ्या शासनावर असले पाहिजे.

तेरा वर्षांत बदललेले कवच

सरकारी योजना एकदा मिळाली की तशीच राहते, असे आपण गृहीत धरतो. राज्याच्या आरोग्य योजनेचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात शेजारचे नांदेड होते, हिंगोली नव्हते. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी ती राज्यभर लागू झाली, म्हणजे जवळपास सोळा महिने जिल्ह्याच्या सीमेच्या एका बाजूला शस्त्रक्रिया मोफत होती आणि दुसऱ्या बाजूला नव्हती. तेव्हा मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची होती आणि उपचारांची यादी ९७१ची. पिवळी आणि केशरी शिधापत्रिका हा प्रवेशाचा परवाना होता. पुढे शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांनाही योजनेत घेतले गेले आणि त्या चौदांत हिंगोली होते. त्यासाठी शिधापत्रिकेला सातबाऱ्याची जोड द्यावी लागे. १ एप्रिल २०१७ पासून योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली. तिची मर्यादा पाच लाखांची होती, पण तिचे लाभार्थी २०११च्या सामाजिक-आर्थिक जातनिहाय जनगणनेतून निवडलेले होते. महाराष्ट्रात ती सुमारे ८४ लाख कुटुंबे होती. १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. २८ जुलै २०२३च्या शासन निर्णयाने दोन्हींची मर्यादा पाच लाख झाली, शिधापत्रिकेच्या रंगाची अट गेली, उपचारांची संख्या १३५६ ठरली आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली. ही वाढीव योजना १ जुलै २०२४ पासून अमलात आली. २०२५ मध्ये उपचारांची यादी २३९९ पर्यंत नेण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला.

एवढ्या काळात कवचाचे नाव, रक्कम, पात्रता, उपचारांची यादी आणि रुग्णालयांची यादी हे सगळे बदलले, काही गोष्टी तर दोनदा-तीनदा. यातले बहुतेक बदल लोकांच्या भल्याचे होते, हे निर्विवाद. पण ज्याच्या नावावर हे कवच आहे त्याला यातला प्रत्येक बदल घरपोच कळवण्याची तरतूद नव्हती. बदल कळले ते वर्तमानपत्रातून, मेळाव्यातल्या भाषणातून किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशातून. भाषणात पाच लाखांचा आकडा येतो. योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, मधुमेह-रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या तिच्यात येत नाहीत, काही उपचार केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत आणि संलग्न रुग्णालय प्रत्येक आजारासाठी संलग्न असतेच असे नाही, हे भाषणात येत नाही. ज्याला हे माहीत नसते तो खाजगी रुग्णालयात पैसे भरून मोकळा होतो आणि योजना फसवी आहे असे म्हणत घरी येतो. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ पर्यंत ३९.४ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. ही घट मोठी आहे. तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये अजून पदरचेच जातात. त्यातले किती रुपये कवचाबाहेरच्या उपचारांवर जातात आणि किती केवळ माहिती नसल्यामुळे, हे वेगळे काढण्याचे साधन गावपातळीवर नाही.

निवड असते, फक्त दिसत नाही

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. योजना मोफत आहे, सर्वांना आहे, मग दरवर्षी तपासायचे काय आणि निवडायचे काय? उत्तर असे की मोफत असलेल्या कवचातही चुका दुरुस्त कराव्या लागतात आणि त्याच्या शेजारी दुसरी कवचे असतील तर निवडही करावी लागते.

आधी चुकांचे पाहू. २०११च्या जनगणनेतून उचललेल्या कुटुंबात त्यानंतर आलेली सून नसते, जन्मलेली मुले नसतात. त्यांना जोडण्याची सोय योजनेत आहे, पण ती मागितल्याशिवाय होत नाही. २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांनी आयुष्मान योजनेवर अहवाल दिला, तेव्हा ७,४९,८२० लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले. संदेश पाठवून माहिती देऊ, या भरवशाची किंमत या एका आकड्यातून कळते. नोंद झाली म्हणजे नोंद बरोबर झाली असे नसते. शेतजमिनीच्या बाबतीत हे गावाला चांगले ठाऊक आहे, म्हणूनच तलाठ्याकडचा फेरफार लोक डोळ्यांत तेल घालून पाहतात.

निवडीचे सर्वांत ठळक उदाहरण सत्तरी ओलांडलेल्यांचे आहे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झाले. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही उत्पन्नाची अट न घालता पाच लाखांचे कवच मिळाले. ज्यांचे कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये आहे, त्यांच्या घरातील सत्तरीपुढच्या सदस्यांना मिळून आणखी पाच लाख मिळतात. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत सामायिक असते. कुटुंबाचे कार्ड असले तरी यासाठी वेगळी नोंदणी आणि नव्याने ई-केवायसी करावी लागते. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे निवृत्त कर्मचारी किंवा माजी सैनिकांच्या योजनेचे सदस्य यांना जुने कवच ठेवायचे की हे घ्यायचे ते ठरवावे लागते. खाजगी पॉलिसी असलेल्यांना आणि कर्मचारी राज्य विमा योजनेतल्यांना मात्र दोन्ही चालतात. वय ठरते आधारवरून. ग्रामीण भागात असंख्य वृद्धांची आधारवरची जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण खरी तारीख कोणाला माहीत नव्हती आणि वर्ष अंदाजाने टाकले गेले. खरे वय चौऱ्याहत्तर आणि आधारवरचे अडुसष्ट असेल, तर ती म्हातारी कवचाच्या बाहेर राहते. ही दुरुस्ती हृदयविकाराचा झटका आल्यावर होत नाही, ती आधीच्या निवांत महिन्यांतच व्हायला हवी.

पोटासाठी गाव सोडणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तरुण पुण्याला किंवा हैदराबादला कामाला जातात. केंद्राच्या यादीतल्या पात्र कुटुंबाचे कवच सहभागी राज्यांत चालते, तर केवळ राज्याच्या खर्चाने सामावून घेतलेल्या कुटुंबाने ते महाराष्ट्राबाहेर चालेल असे गृहीत धरू नये. एकाच गल्लीतल्या दोन घरांची कार्डे सारखी दिसतात, पण सीमेपलीकडे त्यांची किंमत सारखी नसते. आपण कोणत्या यादीतून आलो आहोत हे घर सोडण्याआधी कळले, तर आजारी पडल्यावर परत यायचे की तिथेच दाखल व्हायचे याचा निर्णय सोपा होतो.

शिवाय बँक खात्यातून आपोआप कापला जाणारा विमा आहे. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचे वीस रुपये आणि जीवन ज्योती बीमा योजनेचे ४३६ रुपये मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीस कापले जातात, कारण दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे असे चालते. खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर अपघाताचे दोन लाखांचे किंवा मृत्यूनंतरचे दोन लाखांचे कवच गुपचूप तुटते. पेरणीच्या तोंडावर खाते रिकामे असण्याचा हाच काळ असतो. शेतकऱ्याच्या अपघातासाठी २०२३ पासून गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे. तिला हप्ता नाही, पण प्रस्ताव ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो आणि ती मुदत शोकाच्या दिवसांतच सरते.

ज्यांनी खाजगी आरोग्य विमा घेतला आहे, असे शिक्षक, दुकानदार, पतसंस्थांचे कर्मचारी हिंगोलीसारख्या जिल्ह्यातही आता बरेच आहेत. त्यांना तर खरोखरच वार्षिक निवडीचा हक्क आहे. २०११ पासून पॉलिसी एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येते आणि जुन्या आजारांच्या प्रतीक्षेची भोगलेली वर्षे, आधीच्या विमा रकमेपुरती, वाया जात नाहीत. मात्र त्यासाठीचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी करावा लागतो. २०२४ मध्ये विमा नियामकाने आधीच्या आजारांची कमाल प्रतीक्षा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली, जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता नियामकाशी सल्लामसलत न करता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवण्यास कंपन्यांना मनाई केली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील अठरा टक्के जीएसटी शून्य झाला. हे बदल वापरून घेणारा ग्राहक तोच, जो मुदत संपायच्या दोन महिने आधी पॉलिसी उघडून वाचतो. बाकीचे एजंटाचा फोन आला की पैसे भरतात.

अमेरिकेने काय शिकवले

पाहणीचा असा हंगाम जगात इतरत्र आहे. अमेरिकेत १९६५च्या कायद्याने आलेली मेडिकेअर ही मुख्यतः पासष्टीपुढच्यांची सरकारी योजना. तिथे दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात प्रत्येकाला आपले कवच तपासून बदलता येते आणि बदल १ जानेवारीपासून लागू होतो. मूळ सरकारी योजनेत राहायचे की तिच्या बदल्यात खाजगी कंपनीची योजना घ्यायची, औषधांसाठी कोणता विमा निवडायचा, हे त्या आठवड्यांत ठरते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांना हा काळ परिचयाचा आहे. मुलांमागे गेलेल्या पासष्टीपुढच्या आईवडिलांना मात्र कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावरही सलग पाच वर्षे राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतही घेता येत नाही, हा धडा अनेक घरांनी उशिरा घेतला.

या व्यवस्थेचे कौतुक करण्याआधी तिचे अपयश नीट पाहायला हवे. कैसर फॅमिली फाउंडेशनच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे की दहापैकी सुमारे सात लाभार्थी या मुदतीत योजनांची तुलनाच करत नाहीत. डझनावारी योजना, प्रत्येकीची रुग्णालयांची आणि औषधांची यादी वेगळी, दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा मारा, अशा गोंधळात माणूस गेल्या वर्षीचेच पुढे चालू ठेवतो. याचा अर्थ केवळ खिडकी उघडून आणि निवडीचे स्वातंत्र्य देऊन पाहणी होत नाही. एकट्या वृद्ध माणसाला जाडजूड कागद देऊन ‘निवडा’ म्हणणे हे जबाबदारी झटकण्याचे सभ्य रूप आहे.

तरीही त्या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत आणि त्या बाजारातून आलेल्या नाहीत, कायद्यातून आणि सार्वजनिक खर्चातून आल्या आहेत. पहिली, प्रत्येक कंपनीला पुढच्या वर्षी काय बदलणार आहे याचे लेखी सूचनापत्र ३० सप्टेंबरपर्यंत, म्हणजे मुदत सुरू होण्याआधी, सदस्याच्या हाती द्यावे लागते. दुसरी, प्रत्येक राज्यात सरकारी पैशावर चालणारी मोफत सल्ला व्यवस्था आहे. तिथले प्रशिक्षित सल्लागार काहीही विकत नाहीत, फक्त समजावून सांगतात. हप्ता भरणाऱ्या अमेरिकन वृद्धाला जे सूचनापत्र मिळते ते करदात्यांच्या पैशातून कवच मिळालेल्या नरसीच्या शेतमजुराला का मिळू नये, याला तत्त्वतः उत्तर नाही.

पीकविम्याचा इशारा

नोंदणी म्हणजे पाहणी नव्हे, याचा पुरावा अमेरिकेतून आणण्याचीही गरज नाही. खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला आणि अर्जांची संख्या १ कोटी ७० लाखांच्या आसपास गेली. रुपयाच्या विम्याची अट कोण वाचतो? बोगस अर्जांचा बभ्रा झाला आणि २०२५च्या खरिपात शासनाने ती सवलत काढून घेतली. शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला दोन टक्क्यांपर्यंत गेला, फार्मर आयडी आवश्यक झाला. पण खरा बदल हप्त्यात नव्हता. स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, पेरणी न होणे आणि काढणीनंतरचे नुकसान या चार आधारांवर मिळणारी भरपाई वगळली गेली आणि सगळी भिस्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर आली. त्याच वर्षी मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, शेते पाण्याखाली गेली. बहात्तर तासांत तक्रार नोंदवण्याच्या जुन्या सवयीने विमा काढलेल्यांना तो दरवाजाच उरला नसल्याचे नुकसानीनंतर कळले. हप्ता किती हे सर्वांना ठाऊक होते, कवचातून काय गळले ते थोड्यांनाच. मुदत होती, रांग होती, पावती होती, पण बदलांचे वाचन नव्हते.

म्हणून आरोग्यासाठी केवळ पीकविम्यासारखी मुदत मागणे पुरेसे नाही. मागणी वाचनाची हवी, आणि गावाला ती नवी नाही. सातबारा आणि आठ-अ चावडीवर मोठ्याने वाचून खातेदारांकडून चुका काढून घेण्याची महसूल खात्याची जुनी पद्धत आहे. हस्तलिखित सातबारा संगणकावर गेल्यावर दोन्हींतला फरक सापडावा म्हणून २०१७ मध्ये राज्यभर चावडीवाचनाची मोहीम घेतली गेली. ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपल्या नावापुढचे क्षेत्र चुकले आहे हे ऐकून कळते, आणि एकाच्या लक्षात आले नाही तरी शेजाऱ्याच्या येते. एकट्या माणसावर टाकलेली निवड जिथे फसते, तिथे सामूहिक वाचन टिकते, असे हा अनुभव सांगतो. आरोग्यकवचाचे असेच चावडीवाचन व्हावे.

हे कसे होईल आणि त्यात काय अडेल

वेळ ठरवायला फार विचार करावा लागत नाही. २ ऑक्टोबरची ग्रामसभा नियमाने होतेच. खरिपाची काढणी तोंडावर असते, दसरा जवळ असतो आणि ऊसतोडीला जाणारे बहुधा अजून गावात असतात. त्याआधी, सप्टेंबरअखेर, ही योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीने प्रत्येक ग्रामपंचायतीला मराठीत दोन पानांचे सूचनापत्र द्यावे. त्यात गेल्या वर्षभरात योजनेत काय वाढले, काय वगळले, जिल्ह्यातील आणि शेजारच्या जिल्ह्यांतील संलग्न रुग्णालये कोणती, कोणत्या रुग्णालयात कोणत्या विभागाचे उपचार मिळतात, कोणते उपचार सरकारी रुग्णालयातच होतील, एवढे असावे. कुटुंबनिहाय यादीत आजार किंवा झालेले उपचार यांचा उल्लेख नसावा, केवळ सदस्यांची नावे, ती केंद्राच्या यादीतून की राज्याच्या, ई-केवायसी झाले की नाही, सत्तरी पूर्ण झालेल्यांचे वेगळे कार्ड आहे की नाही, हे असावे. त्यानंतरचे सहा-सात आठवडे दुरुस्तीचे. नवी सून, नवे बाळ, मृत सदस्य, चुकलेले वय, विभक्त झालेली शिधापत्रिका, सगळे एकाच टेबलावर.

दुसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप इथे येतो. दरवर्षीची नोंदणी गरिबांना बाहेर फेकते, आणि त्याचा पुरावा आपल्याच देशात आहे. १ एप्रिल २००८ पासूनच्या राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीस रुपये भरून तीस हजारांचे कवच मिळे, पण कार्डाची मुदत वर्षाची. शिबिराच्या दिवशी मजुरीला गेलेले कुटुंब त्या वर्षापुरते कवचाबाहेर. हा आक्षेप पूर्ण मान्य करूनच पुढे जावे लागेल. म्हणून चावडीवाचन ही पाहणी असावी, फेरनोंदणी नसावी. वाचनाला न आलेल्याचे कवच जसेच्या तसे चालू राहिले पाहिजे, तारीख चुकली म्हणून कोणाचे नाव कमी होता कामा नये आणि नाव कमी करायचेच असेल तर कारण लिहून ग्रामसभेपुढे ठेवावे. तारीख चुकवल्याचा दंड रुग्णाला नाही आणि सूचनापत्र न देण्याचा ठपका प्रशासनावर, अशी उलटी मांडणी केली तरच ही रीत न्यायाची होईल.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. आशा कार्यकर्ती आधीच कामाने वाकली आहे, ग्रामसेवकाला दहा योजना आहेत, आरोग्यमित्र रुग्णालयात बसतो, गावात येत नाही. खरे आहे. पण आज हेच काम होत नाही असे नाही. ते अवेळी, तुकड्यातुकड्यांनी आणि बऱ्याचदा दलालांच्या हातून होते. वर्षातून एक दिवस आरोग्यमित्राने संलग्न रुग्णालयाच्या परिसरातील गावांच्या ग्रामसभेला हजर राहावे आणि आशाताईला या कामाचा वेगळा मोबदला मिळावा, ही मागणी अवास्तव नाही. सल्ला देणाऱ्याने काही विकू नये, हा नियम मात्र काटेकोर असावा. विमा एजंट ग्रामसभेत सल्लागार म्हणून बसला की वाचनाची जाहिरात होते.

चौथा आक्षेप मुळावर बोट ठेवतो. माहिती मिळून काय उपयोग, डॉक्टर आणि खाटाच नसतील तर? ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस रुग्ण दगावले आणि त्यातली बारा नवजात अर्भके होती. हिंगोलीचे गंभीर रुग्ण ज्या रुग्णालयाकडे धाव घेतात त्याची ही स्थिती होती. हिंगोलीचे स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटित झाले, पण ते उभे राहायला वर्षे लागतील. कवच वाचल्याने खाट निर्माण होत नाही, हे कबूल. परंतु ‘पाच लाखांचे कवच’ या शब्दांमागे ती उणीव लपते, आणि वाचनाने ती उघडी पडते. हृदयशस्त्रक्रियेसाठी जिल्ह्यात एकही संलग्न रुग्णालय नाही, अमुक राखीव उपचारासाठी सर्वांत जवळचे सरकारी ठिकाण इतक्या किलोमीटरवर आहे, असे एखाद्या ग्रामसभेत मोठ्याने वाचले गेले की तो ठरावाचा विषय होतो. तालुक्यातल्या पन्नास गावांनी तोच ठराव केला तर लोकप्रतिनिधीला ‘योजना सर्वांना लागू आहे’ एवढे सांगून सुटता येत नाही. रुग्णालयाची मागणी कोणत्या आजारासाठी, कोणत्या ठिकाणी, हे नेमकेपणाने मांडायला जी माहिती लागते ती याच यादीत आहे.

शेवटी खर्चाचा मुद्दा राहतो. दोन पाने छापून ग्रामपंचायतींपर्यंत पोचवण्याचा खर्च एखाद्या योजनेच्या होर्डिंग-जाहिरातींपेक्षा जास्त भरण्याचे कारण नाही. एका वर्षात सगळ्या राज्यात हे करणे कठीण वाटत असेल, तर एका तालुक्यापासून सुरुवात व्हावी आणि तो तालुका हिंगोली असायला हरकत नाही. चौदा जिल्ह्यांच्या यादीमुळे इथल्या पांढऱ्या, केशरी आणि पिवळ्या कार्डांचा गुंता कवचाच्या प्रत्येक टप्प्यावर राहिला आहे, त्यामुळे चुका सापडतील त्या इथे भरपूर सापडतील. पहिल्या वर्षी बाकी काही जमले नाही तरी चालेल, सूचनापत्र मात्र निघालेच पाहिजे. ते लिहायला बसल्यावर गेल्या वर्षभरात कवचात नेमके काय वाढवले आणि काय वगळले, याचा हिशेब आधी खात्यालाच मांडावा लागेल. तो दोन पानांत, गावाला कळेल अशा मराठीत मांडता आला नाही, तर दोष गावाच्या अडाणीपणाचा नाही, हे निदान एकदाचे सिद्ध होईल.